रविवारची खरेदी आणि घराजवळचा मुलूख

(गिरणगावातील एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



गिरणगावात एके काळी वेळेची वाटणी भोंगा करीत असे. पाळी कोणती, यावर घरातले जेवण, झोप, भजनीमंडळाची बैठक, तालमीची वेळ, सारे ठरत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. गिरण्या मात्र एकामागून एक थंडावल्या आणि भोंगे मुके झाले. त्या कामगारांची नातवंडे आज याच भागात राहतात. त्यांच्या सुटीच्या दिवसाची वाटणी आता कोण करते, हा आजचा विषय आहे. विषय वरवर क्षुल्लक वाटेल. खरेदीच्या सवयीवर व्याख्यान कसले द्यायचे, असेही काहींच्या मनात येईल. परंतु माणसाचा मोकळा वेळ कोणाच्या ताब्यात जातो, हा प्रश्न कामगार चळवळीने आठ तासांच्या मागणीपासून विचारला आहे, आणि तो अद्याप सुटलेला नाही.

नायगाव-परळमधील एक घर डोळ्यांसमोर आणावे. आजोबा साच्यावर कामाला होते. मुलगा नोकरीत स्थिरावून निवृत्त झाला. नातू आणि नातसून दोघेही कमावतात. चाळीच्या जागी बुरूजासारखी इमारत आली आणि घर सतराव्या मजल्यावर गेले. आठवडाभर या घराच्या दारात पुठ्ठ्याची खोकी येत राहतात. मागितलेली वस्तू दहा-पंधरा मिनिटांत दारी आणून देणारे तरुण जिन्याखाली दुचाकी उभी करून वर धावतात. रविवारी सारे कुटुंब लोअर परळला जाते. फिनिक्स मिलच्या आवारात आता मॉल आहे आणि गिरणीची जुनी चिमणी तेथे शोभेसाठी राखलेली आहे. जेथे सूत निघत होते तेथे तयार कपडे विकले जातात. चिमणीखाली छायाचित्र काढून घेणाऱ्या मुलाला त्या चिमणीतून धूर का निघत असे, हे सांगणारे तेथे कोणी नसते. आणि आजोबांना तेथे नेण्याचे कोणाच्या मनात येत नाही, कारण चालून त्यांचे पाय दुखतात.

या घराने एक महिना एक साधी वही ठेवली असे समजू. पहिल्या रकान्यात वस्तू, दुसऱ्यात किंमत, आणि तिसऱ्यात ‘ही वस्तू हवी असे प्रथम केव्हा वाटले’ याची नोंद. पहिले दोन रकाने कोणताही वाणी लिहू शकतो. खरी गोष्ट तिसरा रकाना सांगतो. तांदूळ, डाळ, तेल, मुलाची वह्या-पुस्तके यांच्यापुढे ‘संपले म्हणून’ असे येईल. पण त्यानंतरच्या किती वस्तूंपुढे ‘रात्री अकरा वाजता, झोप येत नव्हती तेव्हा’, ‘कचेरीत साहेब बोलले त्या दिवशी’, ‘सवलत आजच संपत होती म्हणून’ असे प्रामाणिकपणे लिहावे लागेल! त्या वस्तूंची गरज घरात जन्माला आलेली नसते. दुकानदाराने ती निर्माण करून खोक्यात घालून पाठवलेली असते. खोके उघडेपर्यंत आनंद टिकतो, फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत. मग पुन्हा तीच पोकळी उरते, आणि सोबत हप्ता.

हप्त्याने घेणे ही काही नवी आपत्ती नव्हे. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात पठाणी सावकार उभा असे, हे जुन्या कामगारांना चांगले आठवते. वाण्याची उधारीची वही तर प्रत्येक खोलीत होती, आणि बिनपगारी दिवसांत तिने चुली पेटत्या ठेवल्या हेही खरे. परंतु सावकाराची भीती वाटत असे. आजचा सावकार खिशातल्या फोनमध्ये बसतो, गोड बोलतो, ‘नंतर द्या’ म्हणतो, आणि माणसाने पैसे मोजून दिल्याची जाणीवदेखील हाताला होऊ देत नाही. नोटा मोजताना जो क्षणभर हात थबके, तोच नेमका नाहीसा केला गेला आहे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ‘चंगळवाद’ हा शब्द आपल्याकडे फार सैलपणे वापरला जातो, आणि तो वापरणाऱ्यांची स्वतःची कपाटे पुष्कळदा भरलेली असतात. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना चांगले कापड, चांगले भांडे, पायात चप्पल घालण्याचीही मुभा नव्हती, त्यांच्या घरी आलेल्या पहिल्या फ्रिजकडे बोट दाखवून साधेपणाचा उपदेश करणे हा निव्वळ उद्धटपणा होय. कपडे धुण्याच्या यंत्राने किती बायकांची कंबर वाचवली, याचा हिशेब पुरुष उपदेशकांना बहुधा ठाऊक नसतो. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या पुढाकाराने महागाईविरोधात मुंबईच्या स्त्रिया हाती लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्या वस्तूंच्या विरोधात नव्हत्या. तेल, साखर, रॉकेल रास्त दरात मिळाले पाहिजे असे त्यांचे म्हणणे होते. डॉ. राममनोहर लोहिया यांनी १९६३ मध्ये लोकसभेत ‘तीन आण्यां’चा हिशेब मांडला आणि वैयक्तिक खर्चावर मर्यादा हवी असा आग्रह धरला, तोही वरच्या थरातील उधळपट्टीकडे पाहून. तेव्हा सवय आवरण्याची गोष्ट बोलायची ती ज्यांच्याजवळ गरजा भागून उरते त्यांच्यापुरतीच. आणि गिरणगावातही आता अशी घरे थोडी नाहीत.

मग ही सवय लागली कशी? ती केवळ मनाच्या दुबळेपणातून आली, असे मानणे सोयीचे असले तरी अपुरे आहे. गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले ते पाहिले पाहिजे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ व्या नियमाने या जमिनींची ढोबळमानाने तीन वाट्यांत विभागणी सुचवली होती: एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ मध्ये नियम बदलला आणि बांधकामाखालची जमीन त्या वाटणीतून वगळली गेली. वाटणीला राहिली ती फक्त आधीपासूनच मोकळी असलेली जमीन. प्रकरण न्यायालयात गेले, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम ग्राह्य धरला. म्हणजे ज्या भागाला मैदाने, बागा, सभागृहे मिळू शकली असती, त्या भागाला मॉल, कचेऱ्या आणि मनोरे मिळाले. परळचे दामोदर नाट्यगृह शंभरी गाठून २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झाले, तेव्हा रंगकर्मींनी आवाज उठवला तो याच पार्श्वभूमीवर. सुटीच्या दिवशी जाण्यासारख्या जागा कमी होत गेल्या आणि एक जागा थंडगार हवा, फिरते जिने आणि लखलखाट घेऊन उभी राहिली. लोक तेथे गेले, यात नवल ते काय?

स्त्रियांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. ‘थोडी खरेदी आहे’ असे म्हणून घरातून निघता येते. ‘उगीच फिरून येते’ असे म्हणून अजूनही अनेक घरांतून निघता येत नाही. मॉलमध्ये बसायला जागा आहे, तिथे कोणी टोकत नाही, आणि स्वच्छ स्वच्छतागृह आहे. मुंबईतील स्त्रियांना सार्वजनिक मुताऱ्यांच्या हक्कासाठी २०११ पासून ‘राइट टू पी’ नावाची मोहीम चालवावी लागली, हे लक्षात घेतले म्हणजे मॉलच्या गर्दीचा एक भाग उलगडतो. बसण्यासाठी आणि देहधर्मासाठी ज्या शहरात आधी गिऱ्हाईक व्हावे लागते, तेथे खरेदीचा छंद वाढला म्हणून गिऱ्हाइकालाच दोष देणे न्याय्य नाही.

आणि तरीही सवय आवरता येते. तिची एक रीत याच शहरात, याच भागात, फार पूर्वी सापडलेली आहे. १९४८ साली नायगावात कामगारांनी सहकारी तत्त्वावर दुकान काढले. त्यातूनच पुढे ‘अपना बाजार’ उभा राहिला. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून आणखी एक पाऊल पुढे गेली. तिने दुकानच वगळले. वस्तीतील काही कुटुंबे मिळून संघ करतात. पुढच्या महिन्याला काय लागेल याची यादी प्रत्येक घर आगाऊ देते. माल एकत्रित खरेदी होऊन संघातल्या एखाद्या घरी उतरतो आणि सभासदच तो यादीप्रमाणे वाटून घेतात. स्वस्त आणि चोख माल हा त्याचा उघड फायदा. पण त्यात दडलेले दोन फायदे अधिक मोलाचे आहेत. आगाऊ यादी करणाऱ्या माणसाला ‘सवलत आजच संपते’ हे वाक्य ऐकूच येत नाही; महिनाभर आधी जिची आठवण झाली नाही ती वस्तू बहुधा नकोच असते. दुसरे असे की, महिन्यातून एकदा शेजारच्या घरी जावे लागते. पिशव्या उघडताना गप्पा होतात. कोणाची आई आजारी आहे, कोणाच्या मुलाला गणित जड जाते, हे कळते. सतराव्या मजल्यावर राहणाऱ्याला सोळाव्या मजल्यावरच्याचे नाव कळण्याचा याहून सोपा मार्ग सध्या तरी दिसत नाही. खोके दारात येऊन पडते तेव्हा यातले काहीच घडत नाही.

गांधीजींनी १९१६ साली मद्रासच्या भाषणात स्वदेशीचा जो अर्थ सांगितला, तो परदेशी कापडाच्या होळीपेक्षा बराच जवळचा होता. आपल्या निकटच्या परिसराचा उपयोग आणि त्याचीच सेवा, असा त्याचा आशय होता. शेजाऱ्याचा धंदा, त्यातले त्याचे दोष, त्याची कला यांकडे आधी पाहावे. लालबागच्या मिरचीच्या दुकानांत आजही उन्हाळ्यात घराघरांतल्या बायका मिरची, धणे, खडा मसाला निवडून घेऊन डंकावर कुटून आणतात. मसाला करण्याची ती खरेदी कोणीही ‘सवय’ म्हणणार नाही. तेथे घासाघीस असते, वास घेणे असते, मालवणी आणि घाटी मसाल्याच्या प्रमाणावरून वाद असतो. त्यातून माणूस शहाणा होऊन घरी येतो. शेजारी चिवडा गल्ली आहे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले ते खानावळी चालवणाऱ्या स्त्रियांना उभे करण्यासाठी. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या त्या हातांचा इतिहास याच गल्ल्यांत आहे, आणि तो कोणत्याही दुकानाच्या फळीवर विकायला ठेवलेला नाही.

रविवार मोकळा झाला तर तो कसा घालवावा, याची चिंता गिरणगावकराने करू नये. परळच्या बारादेवीच्या देवळात सुमारे सहाव्या शतकातले शिवाचे भव्य एकाश्म शिल्प आहे. १९३१ साली रस्त्याचे काम चालू असताना ते जमिनीतून निघाले. अकराशे-बाराशे वर्षे नव्हे, चांगली चौदाशे वर्षे जुनी ती शिळा घारापुरीच्या लेण्यांची आठवण करून देते. पण घारापुरीला होडीने जाऊन आलेल्या किती परळकरांनी ती पाहिली आहे? डॉ. बाबासाहेब आंबेडकर दादरच्या राजगृहात जाण्यापूर्वी परळच्या बी.आय.टी. चाळीत राहत होते. ९ मार्च १९२४ रोजी त्यांनी ज्या सभागृहात सभा बोलावली आणि जिच्यातून त्याच वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली, ते दामोदर हॉलही येथलेच. हाफकिन संस्थेच्या इमारतीत एके काळी गव्हर्नर राहत असे. प्लेगच्या दिवसांत तेथे लस तयार होऊ लागली. नायगावात बी.डी.डी.च्या ४२ चाळी होत्या. त्यांचा पुनर्विकास पुढे सरकतो आहे. त्या पूर्णपणे इतिहासजमा होण्यापूर्वी तेथल्या व्हरांड्यात वाढलेल्या माणसांकडून चार गोष्टी ऐकून लिहून ठेवण्याचे काम कोणत्याही शाळकरी मुलाला जमेल.

शिवडीच्या चिखलात थंडीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत रोहित पक्षी उतरतात. १९९० नंतरच्या काळात त्यांची गर्दी लोकांच्या डोळ्यांत भरू लागली. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला अटल सेतू याच किनाऱ्यावरून निघतो. भरती-ओहोटीची वेळ पाहून जावे लागते. पाणी फार लांब गेले की पक्षीही लांब जातात. आजोबांना या ठिकाणी टॅक्सीने नेता येते. पक्षी पाहून झाले की जुना माणूस गोदीतल्या दिवसांबद्दल, कापसाच्या गाठींबद्दल बोलू लागेल, आणि त्या चिमणीतून धूर का निघत असे, हेही सांगेल.

राहता राहिली गोष्ट बाकांची आणि स्वच्छतागृहांची. ती मात्र एका कुटुंबाच्या वहीने सुटणारी नाही. शिवडीचा किनारा, बारादेवी, कामगार मैदान, लालबागचा बाजार या चार ठिकाणी एकेका रविवारी चार-चार जणांनी जावे. वृद्धांना टेकायला जागा आहे काय, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आहे काय, असल्यास ते उघडे असते काय, पाणी येते काय, याची नोंद करावी. खरेदीच्या वहीची मागची पाने त्यासाठी रिकामी आहेतच. महिनाअखेर त्या नोंदींचा अर्ज महापालिकेच्या एफ-दक्षिण विभाग कार्यालयात द्यायचा आहे. जे येणार असतील त्यांनी सभा संपल्यावर ग्रंथपालांकडे नावे द्यावीत. पहिला रविवार शिवडीचा आहे, आणि ओहोटीची वेळ फलकावर लिहिलेली असेल.