दुचाकी, वारा आणि ऊब

इटलीच्या उत्तरेस आल्प्स पर्वतांत गाव्हिया नांवाची सुमारें २,६०० मीटर उंचीची एक खिंड आहे. ५ जून १९८८ रोजीं ‘जिरो द इतालिया’ ही प्रख्यात सायकल-शर्यत त्या खिंडींतून गेली. जून महिना असूनहि माथ्यावर हिमवर्षाव होत होता. योहान व्हान डर व्हेल्डे हा डच स्पर्धक आंखूड बाह्यांच्या सदऱ्यानिशीं सर्वांच्या आधीं माथ्यावर पोंचला; परंतु उतार लागतांच तो इतका गारठला कीं, थांबून ऊब घेणें त्यास भाग पडलें. बोर्मिओ येथें तो विजेत्यामागून पाऊण तासाहून अधिक वेळानें पोंचला. उलटपक्षीं, अँडी हॅम्पस्टेन या अमेरिकन स्पर्धकापाशीं जाड हातमोजे व लोकरी टोपी होती. त्या दिवशीं आघाडीचा मान त्यास मिळाला, आणि पुढें सबंध शर्यतहि त्यानेंच जिंकली.

चढावर जें शरीर तग धरून राहिलें, तें उतारावर कां हरलें? चढतांना स्नायूंच्या श्रमानें उष्णता उत्पन्न होते व वेग मंद असल्यानें वाराहि थोडा लागतो. उतारावर श्रम थांबतात, वारा वाढतो आणि घामानें भिजलेलें वस्त्र अंगांतील ऊब शोषून घेतें. त्वचेलगत उबदार हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो थर उडवून नेतो. २००१ सालीं अमेरिका व कॅनडा यांनीं स्वीकारलेल्या सूत्राप्रमाणें, १० अंश सेल्सिअस हवेंत ताशीं ३० किलोमीटर वाऱ्यांत उघड्या त्वचेस सुमारें ७ अंशांची, व ६० किलोमीटर वाऱ्यांत सुमारें ५ अंशांची थंडी भासते.

मोटारसायकलवर बसणारा मनुष्य तर पायांचे श्रम करीतच नाहीं. तो जणूं सदैव उतारावरच असतो. पौषांतील पहांटे निफाडहून नाशिकला निघणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें.

तेव्हां पहिला उपाय वारा अडविण्याचा. आंत घाम शोषणारें वस्त्र, मध्यें लोकर आणि सर्वांवर वारा न शिरणारें जाकीट, अशी योजना असावी. जाकीट नसेल तर सदऱ्याखालीं छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवावी. युरोपांतील सायकलपटु उतारापूर्वी हेंच करीत आले आहेत. छाती थंड पडली कीं, शरीर हातापायांकडील रक्त आंखडून घेतें. म्हणून बोटांची ऊब छातीपासून सुरू होते. हातमोजे व पायमोजे घट्ट नसावेत. गळपट्ट्याचीं टोकें मात्र आंत खोंचावीं. तीं चाकांत अडकलीं तर प्राणावर बेततें.

बोटें बधिर झालीं कीं, ब्रेक वेळेवर दाबला जात नाहीं. हुडहुडी भरली तर मद्याचा आश्रय करूं नये. त्यानें त्वचेस क्षणभर ऊब भासते, पण शरीरांतील उष्णता अधिकच बाहेर जाते. रस्त्याच्या कडेस थांबावें, कोरडें वस्त्र घालावें, गरम चहा घ्यावा आणि बोटें नीट वळूं लागल्यावरच पुढें निघावें. दहा मिनिटें उशिरां पोंचलेल्या मनुष्यावर घरचीं माणसें रागावतील. पण त्यांचा तो राग ऐकावयास तो सुखरूप असेल.