दोन रकान्यांतला वाघ

अखिल भारतीय व्याघ्रगणनेच्या अलीकडील अहवालांत चंद्रपूरच्या ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पापुढें एक सोडून दोन आंकडे दिलेले असतात. पहिला प्रकल्पाच्या हद्दींतील वाघांचा. दुसरा, बाहेर राहूनहि प्रकल्पाचा उपयोग करणाऱ्यांसह धरलेला. वाघाला हद्दीचा दगड वाचतां येत नाहीं, आणि दोन प्रकल्पांत वावरणारा वाघ दोन्ही खात्यांवर मांडला जातो. हा दुसरा रकाना बेरजेसाठीं नव्हेच. हें न जाणतां कोणी बेरीज केली, तर जंगलांत नसलेले वाघ कागदावर जन्मास येतात!

अशी गल्लत वन्य प्राण्यांपुरतीच नाहीं. सॅन फ्रॅन्सिस्को येथें भरणारी 'गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स' ही परिषद संगणकीय खेळ रचणाऱ्यांना दरवर्षीं विचारते कीं, तुम्ही कोणत्या यंत्रासाठीं खेळ करतां? २०२५ च्या पाहणींत सुमारें ३,००० जणांनीं उत्तरें दिलीं. शेंकडा ८० जणांनीं पीसी, म्हणजे साधा संगणक, सांगितला. आदल्या वर्षीं हें प्रमाण ६६ होतें. तेव्हां उरलेल्या सर्व यंत्रांच्या वांट्यास अवघे २० आले काय? मुळींच नाहीं. एकच खेळ पीसी, प्लेस्टेशन आणि मोबाइल या तिन्हींसाठीं रचणारा तिन्ही रकान्यांत येतो. बेरीज शंभराच्या पुढें जाणारच. शिवाय 'स्टीम डेक' हें हातांत धरून खेळण्याचें यंत्र पर्यायांच्या यादींतच नव्हतें. त्यावर पीसीचेच खेळ चालतात. म्हणून पीसीच्या वाढींत त्याचा हात असावा, असा तर्क खुद्द अहवालकर्त्यांनींच केला. यादींत ज्याला घर नाहीं, तें शेजाऱ्याच्या घरांत मोजलें जातें.

महाराष्ट्रांतील वाघांचा अंदाज २०१४ सालीं १९०, २०१८ सालीं ३१२ आणि २०२२ सालीं ४४४ असा चढत गेला. वाढ खरी आहे, आनंदाचीहि आहे. परंतु २०१८ च्या गणनेंत दीड वर्षाऐवजीं एक वर्षाचा वाघ धरला गेला. म्हणजे कांहीं वाढ वाघांची, कांहीं मापाची. मथळ्यांत ही दुसरी वाढ सहसा येत नाहीं.

ब्रह्मपुरीचें वनक्षेत्र तर व्याघ्रप्रकल्पच नव्हे. भातशेती आणि गांवें यांत गुंतलेल्या या जंगलांत वाघ पुष्कळ. त्यांतले कांहीं वैनगंगा ओलांडून गडचिरोलीच्या वडसा भागांत उतरले. प्रकल्पांचे रकाने चाळणाऱ्यास हे वाघ दिसत नाहींत. चैत्रांतल्या पहांटे मोहफुलें वेंचावयास निघालेल्या बाईला मात्र तो वाघ आपल्या शिवारांतलाच असतो. आणि पहारे व कॅमेरे प्रकल्पांच्या आंकड्यांवरून वांटले गेले, तर ते तिच्या वाटेवर पोहोंचत नाहींत.