भूगर्भाची चाहूल आणि माणचे पाणी



सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेस महाबळेश्वरी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. पूर्वेस माण तालुक्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास रेंगाळतो. अशा प्रदेशात कोरडी गेलेली विंधन विहीर म्हणजे एका कुटुंबाची बुडालेली पुंजी होय. म्हणूनच भूगर्भाची चाहूल घेणारे शास्त्र येथे मोलाचे ठरते.

कॅनडातील अल्बर्टा प्रांतात वाळूच्या थरांतील तेल इतके घट्ट असते की ते आपणहून वाहत नाही. त्यास वाफ देऊन पातळ करतात. तापलेल्या थरातून भूकंपीय लहरी मंद गतीने जातात. एकाच जागेचे सर्वेक्षण काही काळाने पुन्हा केले, की दोहोंतील फरकावरून वाफ कोठवर पोहोचली ते कळते.

हेच तत्त्व माणच्या बेसाल्ट खडकासही लागू पडते. जमिनीवर घणाचा आघात करतात आणि ओळीने मांडलेले जिओफोन लहरी टिपतात. सैल मातीत लहरींचा वेग सेकंदाला काहीशे मीटर, तर अभंग काळ्या पाषाणात सुमारे पाच किलोमीटर असतो. त्यावरून मुरमाची जाडी कळते व पाझर तलावाची जागा निवडण्यास साहाय्य होते. मात्र या पद्धतीस मर्यादा आहे. कठीण पाषाणाखाली दडलेला मऊ मांजऱ्या खडक तिला सहसा दिसत नाही. यास्तव विद्युत रोधकता मापन आणि परिसरातील विहिरींचे निरीक्षण यांची जोड आवश्यक असते.

सन १९७२ मध्ये स्थापन झालेली राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. गावानेही हा परिपाठ अंगीकारावा. शाळेतील विद्यार्थ्यांनी दोरी व टेप घेऊन ठरावीक विहिरींची पातळी दरमहा नोंदवावी. ग्रामपंचायतीने ती फलकावर लिहावी आणि ग्रामसभेने त्यानुसार रब्बीची पिके ठरवावीत.

विंधन यंत्र खोल जाऊ शकते. पाणी निर्माण करू शकत नाही. पावसाने जेवढे मुरवले तेवढेच उपसावे, हा हिशेब मोजमापावाचून मांडता येत नाही. एकदा केलेले मापन जागा दाखवते. वारंवार केलेले मापन गावाला वेळीच सावध करते.