पँगाँग सरोवराच्या काठी

लडाखमधील पँगाँग सरोवराची छायाचित्रे दिनदर्शिकांपासून चित्रपटांपर्यंत इतकी झळकली आहेत की तेथे जाणारा प्रवासी त्याची निळाई मनाशी गृहीत धरूनच घर सोडतो. परंतु समुद्रसपाटीपासून सुमारे 4,250 मीटर उंचीवर पसरलेला, 134 किलोमीटर लांबीचा आणि रुंदीने फार तर 5 किलोमीटर भरणारा हा जलाशय म्हणजे, ज्या खोऱ्यातले पाणी एके काळी श्योक नदीकडे आणि तिच्यावाटे सिंधूकडे धावत होते, त्या खोऱ्याचे तोंड बुजल्यामुळे अडून राहिलेला साठा आहे, हे ध्यानी ठेवून गेल्यास पाहण्याजोगे पुष्कळ काही सापडते.

काठावर पोहोचताच सर्वजण पाण्याकडे तोंड करून उभे राहतात. माझे म्हणणे, घटकाभर पाण्याकडे पाठ करावी. समोरच्या उघड्याबोडक्या उतारांवर, आजच्या पातळीच्या बऱ्याच वर, आडव्या पायऱ्यांसारख्या रेघा उमटलेल्या दिसतील. सरोवर कधी काळी कुठवर भरत होते याचा तो निसर्गाने लिहून ठेवलेला दाखलाच होय. मग खाली वाकून बोटभर पाणी जिभेला लावावे. ते खारट, मचूळ लागते. पाण्याला बाहेर पडावयास वाट नसल्याने ते उन्हावाऱ्याने वाफ होऊन जाते, आणि डोंगरांतून येताना विरघळवून आणलेले क्षार मात्र, गरीब कुळाच्या खात्यावर सालोसाल चढत जाणाऱ्या थकबाकीप्रमाणे, मागे साचत राहतात. नवलाची गोष्ट अशी की, ताबारेषेपलीकडे तिबेटात पूर्वेच्या टोकाला हेच पाणी गोडे आहे, आणि पश्चिमेकडे, म्हणजे आपल्या बाजूस, यावे तसा त्याचा खारटपणा वाढतो. तरीही हिवाळ्यात ते गोठते ते असे की त्यावरून चालत जाता यावे.

रंगांविषयी थोडक्यात सांगतो. स्वच्छ व खोल पाणी सूर्यप्रकाशातील तांबडा अंश शोषून घेते म्हणून मध्यभागी निळाई गडद होते. काठाशी तळाचे गोटे दिसतात तेथे हिरवट झाक येते. आणि एखादा ढग सरकला की तोच पट्टा क्षणात पाटीसारखा करडा पडतो.

परंतु हे सारे पाहण्यास शरीर धड असले पाहिजे. मुंबईचा माणूस सकाळी विमानात बसून दुपारच्या आत 3,500 मीटर उंचीच्या लेहला उतरतो, आणि त्याच उत्साहात दुसऱ्या दिवशी पँगाँगची मोटार ठरवतो, हा शुद्ध अविचार आहे. सरोवराकाठी हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे तीनपंचमांशच उरतो; पाणी शंभराऐवजी 86 अंशांच्या आसपास उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यातली डाळ तासन्‌तास खदखदूनही कच्चीच राहते; आणि वाटेत चांग ला खिंडीत पिशवीतले वेफर्सचे पाकीट फुग्यासारखे टम्म फुगते. लेहमध्ये किमान दोन दिवस विश्रांती घ्यावी, हे म्हणूनच. बसल्या जागी धाप लागली, खोकला सुटला किंवा बोलण्यात असंबद्धता आली, तर रुग्णास विनाविलंब खाली नेणे हाच खरा उपचार. आणि मेख नेमकी येथेच आहे, कारण पँगाँगहून लेहला उतरण्याच्या नेहमीच्या रस्त्यावर आधी साडेसतरा हजार फुटांच्या आसपासची तीच चांग ला चढावी लागते. डोके जड असताना ‘तेथे गेल्यावर बरे वाटेल’ म्हणून निघणाऱ्याने हा हिशेब आधी करावा.

उन्हाळ्यात गेलात तर काठच्या दलदलीत नारिंगी अंगाचा चक्रवाक आणि डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारा पट्टकादंब नजरेस पडेल. या दोन्ही जातींचे पक्षी हिवाळ्यात आपल्या उजनी-जायकवाडीच्या फुगवट्यावर येतात, तेव्हा पुणे-सोलापूरकडच्या श्रोत्यांना ते अपरिचित वाटू नयेत.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. हा सरहद्दीचा मुलूख असल्याने चौक्यांवर ओळखपत्र दाखवावे लागते व प्रवासाचे नियम अधूनमधून बदलतात. निघण्यापूर्वी लेहच्या जिल्हा कचेरीतून चौकशी करावी. परतीला उशीर करू नये. सरोवराअलीकडे रस्त्यावर ‘पागल नाला’ नावाचा एक ओढा आडवा येतो, आणि सकाळी चाके जेमतेम भिजवणारा हा ओढा दुपारी, वरचा बर्फ वितळू लागला की, मोटारी अडवून धरतो.