लघुउद्योग, रोजगार आणि बँकांची जबाबदारी

(गुरसराय, जि. झाशी येथील लघुउद्योजकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



गोविंदपंत बुंदेले यांच्या खेर घराण्यामुळे गुरसराय हे नाव मराठी माणसाला परके नाही. आज मात्र मी इतिहासाविषयी नव्हे, तर रोजगाराविषयी बोलणार आहे. बुंदेलखंडात पाऊस दगा देतो तेव्हा शेतीतील कामे थांबतात आणि कुटुंबेच्या कुटुंबे दूरच्या शहरांची वाट धरतात. हे स्थलांतर रोखायचे तर छोटे व्यवसाय येथेच उभे राहिले पाहिजेत.

त्यासाठी योजनांची वाण नाही. 1969 मध्ये 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. 2000 मध्ये लघुउद्योगांसाठी पतहमी योजना आली. 2010 मध्ये रिझर्व्ह बँकेने सूक्ष्म व लघुउद्योगांना 10 लाख रुपयांपर्यंतचे कर्ज विनातारण देण्याचे निर्देश दिले. 2015 मध्ये मुद्रा योजना सुरू झाली.

तरीही लहान उद्योजक अडतो कोठे? तेलघाणीचे उदाहरण घ्या. यंत्रासाठी कर्ज मिळते. पण भुईमूग बाजारात येतो त्या काही आठवड्यांतच वर्षभराचा माल भरावा लागतो. खेळते भांडवल दोन महिने उशिरा मिळाले तर भाव चढलेले असतात. मग सावकार गाठावा लागतो, किंवा घाणी बंद राहते आणि तिच्यावरील चार माणसांचा रोजगार बुडतो. कर्जाची रक्कम जितकी महत्त्वाची, तितकीच तिची वेळही महत्त्वाची आहे.

सातारा जिल्ह्यातील म्हसवड हेही असेच दुष्काळी गाव. तेथील महिलांनी चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने बँकेसाठी अर्ज केला, तेव्हा त्यावर अंगठे असल्याने परवाना नाकारला गेला. त्या अक्षरे शिकल्या, व्याजाचा तोंडी हिशेब करून दाखवण्याची तयारी त्यांनी दर्शविली आणि 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. रोजंदारी बुडवून शाखेत येणे स्त्रियांना परवडत नाही, हे ओळखून बँकच त्यांच्या दारी गेली.

बँक अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे, की अर्जदाराचे तारण पाहण्याआधी त्याचा व्यवसाय पाहावा आणि हप्ते त्याच्या हंगामाशी जुळवावेत. उद्योजकांनीही ध्यानात घ्यावे, की पतहमी म्हणजे कर्जमाफी नव्हे. चोख हिशेब आणि वेळेवर परतफेड हेच पुढच्या कर्जाचे खरे तारण आहे. हा विश्वास दोन्ही बाजूंनी जपला गेला, तरच येथील तरुणाला येथेच काम मिळेल.