शाल, श्रीफळ आणि पगारपत्रक



संयोजकांनी मला विषय दिला आहे ‘कामाच्या ठिकाणी कर्मचाऱ्यांचं कौतुक’. विषय गोड आहे, मे महिन्यातल्या संध्याकाळी ऐकायला बरा. पण मी सुरुवात जरा कडू जागेवरून करणार आहे. आपल्याकडे कौतुकाचा रस्ता मुंबईच्या गिरणगावातून जातो आणि त्या रस्त्यावर संप झालेले आहेत.

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि हजारो कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. आठवड्यातून एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाचा विसावा, पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार, यंत्रावर हातपाय गमावलेल्याला भरपाई. अशी ती यादी होती. ‘आमची कदर करा’ असं तिच्यात कुठेही नाही. त्यातली रविवारची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडलं. आज राज्यात दिल्या जाणाऱ्या ‘कामगार भूषण’ पुरस्काराला लोखंड्यांचं नाव आहे. नाव योग्यच आहे. फक्त तो पुरस्कार देणाऱ्यांनी ती यादी एकदा डोळ्यांखालून घालावी, एवढंच मी म्हणेन.

आता बोनसकडे येऊ. पहिल्या महायुद्धात महागाई भडकली आणि गिरण्यांना नफाही भरपूर झाला. १९१७ मध्ये मालकांनी पगाराच्या दहा टक्के ‘युद्ध बोनस’ दिला. मालकांच्या दृष्टीनं ती खुशी होती. युद्ध संपलं तरी काही वर्षं वार्षिक बोनस मिळत राहिला आणि कामगारानं त्यावर संसाराचा हिशेब बसवला. वाण्याची उधारी, गावाकडची मनीऑर्डर, खोलीचं थकलेलं भाडं. मग मालकांनी सांगितलं, १९२३ सालचा बोनस नाही. जानेवारी १९२४ मध्ये दीड लाखाच्या वर कामगार गिरण्यांबाहेर पडले.

सरकारनं समिती नेमली. अध्यक्ष होते मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाउड. समितीनं निकाल दिला की कायद्यानं, रूढीनं किंवा न्यायबुद्धीनं, कशानंही कामगारांचा बोनसवर दावा लागत नाही. दोन महिने पोट आवळून बसलेले लोक कामावर परतले.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. कायद्याच्या चौकटीत बघितलं तर समिती फारशी चुकलेली नव्हती. करार नव्हताच. पण जे कुणाच्या खुशीनं मिळतं ते त्याच्या खुशीनंच जातं, हे मुंबईच्या कामगाराला त्या हिवाळ्यात कळलं. त्यानंतरची चाळीस वर्षं त्या शहाणपणात गेली. १९५० मध्ये श्रम अपील न्यायाधिकरणानं सूत्र बांधून दिलं, तेही मुंबईच्याच गिरण्यांच्या खटल्यात. नफ्यातून घसारा, कर, भांडवलावरचा परतावा वजा करा आणि उरेल त्यात कामगाराचा वाटा धरा. पुढे बोनससाठी नेमलेला मेहेर आयोग आला आणि १९६५ चा बोनस कायदा आला. किमान चार टक्के बोनस. नंतर तो ८.३३ टक्के झाला, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा. आणीबाणीत तो पुन्हा खाली ओढला गेला आणि १९७७ नंतर परत वर आला. बक्षिसाला कायद्याच्या कलमांत बसवायला इतकी खटपट करावी लागली!

तेव्हा एखादे व्यवस्थापक जेव्हा म्हणतात, ‘इतका बोनस देतो, तरी लोकांना त्याचं काही वाटत नाही’, तेव्हा मला हसू येतं. का वाटावं? देणं फेडल्याबद्दल वाणी कुणाचे पाय धरतो का?

हे सगळं जुनं झालं असं कुणाला वाटत असेल तर आपल्याच गावातल्या आशाताईंकडे बघा. २००५ पासून या बाया गरोदर बाईला दवाखान्यात नेतात, बाळाची लस चुकू देत नाहीत, घरोघर जाऊन नोंदी ठेवतात. मार्च २०२० मध्ये आपण सगळ्यांनी गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या, त्यात त्यांचाही मान होता म्हणे. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत तापमापक घेऊन दारोदार त्याच फिरल्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा जागतिक पुरस्कारानं गौरव केला. याहून मोठं कौतुक ते काय असणार? आणि जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या. जाहीर झालेल्या मानधनवाढीचा शासन निर्णय निघेना म्हणून. आझाद मैदानावर बसल्या तेव्हा कुठे मार्चमध्ये तो कागद निघाला. कागदोपत्री आजही त्या कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत. त्यांना मिळतो तो मोबदला, पगार नव्हे. साऱ्या जगानं पाठ थोपटली, पण हजेरीपटावर नाव काही आलं नाही.

मग कौतुक करूच नये का? करावं. पण देणं चुकतं केल्यावर करावं, आणि काम बघून करावं. या दुसऱ्या गोष्टीत आपण फार कच्चे आहोत. निरोप समारंभ आठवा. साहेब पाच मिनिटं आधी हेडक्लार्कला विचारतात, ‘यांची सर्व्हिस किती झाली हो?’ मग भाषण होतं. मनमिळाऊ, कष्टाळू, हसतमुख. शाल, श्रीफळ, फोटो. हेच भाषण कुठल्याही माणसाला चिकटवता येतं. पस्तीस वर्षं त्या माणसानं नेमकं केलं काय, ते मांडवात सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त माईकवर येत नाही.

उलट एक चांगला नमुना सरकारदरबारीच आहे. १९६५ सालीच, म्हणजे बोनसचा कायदा झाला त्याच वर्षी, केंद्र सरकारनं ‘श्रमवीर’ पुरस्कार सुरू केले. पुढे त्यांचं नाव ‘विश्वकर्मा राष्ट्रीय पुरस्कार’ झालं. कामगारानं उत्पादन किंवा सुरक्षितता वाढवणारी सूचना करायची. पण नुसती सूचना चालत नाही, कारखान्यानं ती अंमलात आणलेली असावी लागते. मला ही अट फार आवडते. म्हणजे लेथवर उभ्या असलेल्या माणसाला काहीतरी कळतं हे इंजिनीअरला आधी मान्य करावं लागतं, नंतर हार. ज्या वर्कशॉपमध्ये साहेब फोरमनला ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारतो आणि उत्तर ऐकून जिग बदलतो, तिथे भिंतीवर ‘महिन्याचा उत्तम कर्मचारी’ असा फोटो नसला तरी चालतं. तो फोटो अनेकदा पाळीपाळीनं लागतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही.

वेळ होत आली. समोरून चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिलीच चिठ्ठी बिननावाची आहे: ‘आम्ही कंत्राटी आहोत. दिवाळीला कायम कामगारांना बोनस मिळतो, आम्हाला मिठाईचा पुडा. यावर बोला.’ बोलतो. वर्षात तीस दिवस काम भरलं असेल आणि पगार ठरलेल्या मर्यादेत असेल, तर कंत्राटी कामगारही बोनसला पात्र ठरतो. कंत्राटदार देत नसेल तर काय करायचं आणि अर्ज कुठे द्यायचा, ते आता सविस्तर सांगतो. ज्यांना शेवटची बस गाठायची आहे त्यांनी खुशाल निघावं, बाकीच्यांनी जरा पुढे सरकून बसा.