गाणं ऐकत बसलेली मुलगी

(चाळीसगाव इथे महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



डिसेंबर 2024 मधली एक बातमी आपल्यापैकी पुष्कळजणींनी वाचली असेल. धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा तालुक्यातल्या तीन मुली, एक 11 वर्षांची आणि दोघी 13 वर्षांच्या, घरातून निघाल्या. पुण्याला काम करून पैसे साठवायचे आणि कोरियाला जाऊन बीटीएस या गायकांना भेटायचं, असा त्यांचा बेत होता. आपल्याला पळवून नेल्याचा बनावही त्यांनी केला. शेवटी मोहोळच्या बसस्थानकावर त्यांना एस.टी.तून उतरवून घेण्यात आलं. तिथे दुकान चालवणाऱ्या एका बाईंची त्यात मदत झाली. मुली सुखरूप सापडल्या. पुण्यात त्यांच्यावर काय प्रसंग आला असता, हे इथे बसलेल्या प्रत्येकीला सांगायची गरज नाही.

अशी बातमी आली की काहीजण हसतात आणि बाकीचे म्हणतात, 'पोरींच्या हातातले मोबाईल काढून घ्या.' मला मात्र वेगळा प्रश्न पडतो. आपल्याला इतकं आवडणारं काही या मुलींना घरात मोकळेपणाने सांगता आलं असतं का?

आपल्याकडे मुलाने रात्री दोनपर्यंत क्रिकेट पाहिलं, तर तो त्याचा शौक. मुलगी तासभर कानाला हेडफोन लावून बसली, तर 'हाऊ काय येडापना शे?' आमच्या किशोरी गटातल्या एका मुलीने कोरियन गाण्यांचे शब्द वहीत देवनागरीत उतरवून ठेवले आहेत. 'भाषा तर कळत नाही, मग काय आवडतं?' असं विचारल्यावर ती म्हणाली, 'ताई, ती मुलं कोणावर खेकसत नाहीत.' याच गायकांनी 2018 साली संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावरून तरुणांना स्वतःवर प्रेम करायला सांगितलं होतं. त्यांच्या मागे मोठा धंदा आहे, हे खरंच. पण आपली मुलगी तिथे काय शोधते आहे, हे समजून घेणं आपलं काम आहे.

बायकांच्या गाण्याला आपल्या समाजाने कधी नाही म्हटलेलं नाही. जात्यावर गा, निंदताना गा, लग्नात गा. हात कामात असले की गाणं चालतं. हात रिकामे ठेवून, नुसतं आपल्या आनंदासाठी ऐकलं की ते डोळ्यांवर येतं. म्हणजे आक्षेप गाण्याला नाही, तिच्या मोकळ्या वेळाला आहे. 2019 च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोजचा सरासरी वेळ 299 मिनिटं निघाला आणि पुरुषांचा 97 मिनिटं. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलगी याच हिशोबात ओढली जाते. आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे 22 जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. त्यांना ही आवडीनिवडीची वर्षं मिळालीच किती?

पुस्तकांचंही तेच. आपल्या किशोर साहित्यातले गाजलेले नायक बघा: गोट्या, फास्टर फेणे. धाडस मुलांनी करायचं! म्हणून शांता शेळके यांनी मराठीत आणलेलं 'चौघीजणी' मुलींच्या हातात पडतं तेव्हा त्या हरखून जातात. त्यातली ज्यो माळ्यावर बसून वाचते, लिहिते, चिडते आणि तरी ती वाईट मुलगी ठरत नाही.

आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी घरातल्यांनी, मुलगा सोपानदेव यांनी ऐकली, टिपून ठेवली, म्हणून 1952 साली ती पुस्तकरूपाने आपल्यापर्यंत पोचली. ऐकणारं कोणी नसतं तर? आपल्या मुलींनाही आधी ऐकणारं माणूस हवं आहे.

तेव्हा आपण काय करू शकतो? किशोरी गटात आपण रक्तक्षय, पाळी, कायदे यांवर बोलतो. ते हवंच. पण महिन्यातून एक बैठक अशी घ्या की मुलींनी आपलं गाणं, आपलं पुस्तक आणायचं आणि आपण मोठ्यांनी उपदेश न करता ऐकायचं. 'मीच तो गायक' असं सांगून मोबाईलवर कोणी ओळख वाढवत असेल, तर तेही ती अशाच ठिकाणी सांगेल. मोबाईल हिसकावून घेणाऱ्या आईला ती सांगणार नाही.

शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि त्यात गोष्टींची पुस्तकंही असायला हवीत. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या स्त्रिया असणं बंधनकारक आहे. तुमच्यातल्या ज्या या समितीवर असतील, त्यांनी पुढच्या सभेत विचारावं: कपाटाची किल्ली कोणाकडे असते? मुलींना पुस्तक घरी नेता येतं का? गावातल्या वाचनालयातही मुलीच्या स्वतःच्या नावाने वर्गणी भरा, आणि पहिल्या दिवशी चौघी-पाचजणींना घेऊन तुम्ही स्वतः जा. एकटी मुलगी त्या दारातून परत फिरते. पाचजणी आत जाऊन बसतात.

आणि आज घरी गेल्यावर मुलगी गाणं ऐकत बसलेली दिसली, तर भांडी थोडा वेळ राहू द्या. तिच्याजवळ बसा आणि विचारा, 'मलाही ऐकव ना.'